मंजी खाली उतरली तेव्हा

चाळीस फुटांवर, हातभर रुंद फळीवर उभं राहून त्र्याहत्तर वर्षांचे केरबा खाडे लहान मुलांना गोष्ट सांगत होते. समोर एकही मूल नव्हतं. खाली जाळी होती, जाळीखाली फरशी होती आणि फरशीवरच्या टेबलाशी बसलेल्या दोन बायकांच्या माना वर बघून बघून आखडल्या होत्या.

"आबा, हनुवटी जरा खाली घ्या," डॉ. रेहाना मुजावर ओरडली. "माइकला वारा लागतोय."

"वारा लागनारच. सर्कसवाला हाय मी, बँकेतला क्लार्क न्हाई. तूच वर ये आन् धर तुझा माइक."

"मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, आबा."

"आन् म्हनं ही धीराचं शास्त्र शिकवती!"

मिरजेबाहेरच्या त्या बंद पडलेल्या साखर-गोदामात त्यांचं हसू पत्र्यापर्यंत जाऊन परत आलं. टेबलाशी बसलेली दुसरी बाई, त्यांची मुलगी शलाका, मात्र हसली नाही. तिच्या हातात गोष्टीचे कागद होते. आबा एखादं वाक्य विसरले की खालून आठवण करून द्यायचं काम तिच्याकडे होतं. आबांच्या कमरेला दोर होता, काळजाची तपासणी झालेली होती, जाळी तीनदा ताणून पाहिली होती. तरीही ते वर असताना तिला चहा जात नसे.

ही सगळी उठाठेव कशासाठी, ते सांगायला हवं.

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाबरोबर त्याचं काळीजही थोडंसं बोलत असतं. दर ठोक्याला गळ्यातून रक्ताची एक लाट जाते, स्वरतंतूंवर केसाएवढा ताण पडतो आणि आवाज किंचित वरखाली होतो. हा चढउतार कानाला कळत नाही, पण यंत्राला सापडतो. रेहानानं त्याला नाव दिलं होतं : स्वरनाडी. ती नुसती शोधून रेहाना स्वस्थ बसली नाही. तिनं ती दसपट मोठी केली, पुन्हा आवाजात मिसळली आणि मुलांना ऐकवली. मन लावून ऐकणाऱ्या मुलाचं काळीज दहा मिनिटांत सांगणाऱ्याच्या काळजामागोमाग चालू लागलं. एकाच आडव्या बांबूला दोन झोपाळे टांगले आणि त्यातल्या एकाला झोका दिला, की थोड्या वेळानं दुसराही आपसूक डुलू लागतो. अगदी तसं.

सुया, सलाइन, शस्त्रक्रिया यांना सामोरं जाणाऱ्या मुलांना धीर देता येईल, या कल्पनेनं रेहाना हरखून गेली होती. पहिल्यांदा तिनं एका नावाजलेल्या निवेदकाचा लोण्यासारखा आवाज घेतला. मुलं गाढ झोपली. उठली, सुई पाहिली आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की शांत काळजाला धीर शिकवता येत नाही, कारण त्याला तो कधी लागलेलाच नसतो. धीर शिकवायचा तर खरोखर घाबरलेलं आणि तरीही पुढे सरकणारं काळीज हवं. तेही गोष्ट सांगता सांगता!

असा माणूस शोधत ती सांगलीच्या एका शाळेत ग्रंथपाल असलेल्या शलाकाकडे येऊन पोचली. झुल्यावर गुडघ्यांनी उलटं लटकायचं आणि समोरून उडत येणाऱ्याला मनगटांत झेलायचं, हे काम करणाऱ्याला सर्कशीत कॅचर म्हणतात. शलाकाचे वडील तीस वर्षं कॅचर होते.

"आबा, तुम्हाला भीती वाटायची का हो?" रेहानानं पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"रोज. भ्या वाटायचं थांबलं की कॅचरनं घरी बसावं. त्यो कुनाला तरी पाडनार असं समजावं."

रेहाना खुर्चीतून उठलीच. "चाळीस फुटांवर चढाल परत?"

"कवा?" आबा म्हणाले होते.

अशा रीतीनं 'मंजी चाळीस फुटांवर' हे श्राव्यपुस्तक सुरू झालं. दहा भाग. लिहिणारी शलाका, सांगणारे आबा. मंजी नावाची नऊ वर्षांची मुलगी सर्कशीत झुल्यावर उडायला शिकते आणि तिचे उस्ताद तिला झेलतात, अशी ती गोष्ट होती. मंजी म्हणजे लहानपणची शलाका, हे रेहानाला न सांगताच कळलं होतं.

त्या दिवशी नववा भाग होता. मंजीचा पहिला खेळ. तंबू माणसांनी फुलला आहे, बँड थांबला आहे, मंजी फळीवर उभी आहे. पलीकडे उस्ताद उलटे लटकून झोके घेताहेत आणि त्यांनी हाक दिली की तिनं दांडी धरून फळी सोडायची आहे.

"उस्तादांनी हाक दिली," आबांनी वरून सांगितलं. आणि मग ते गप्प झाले.

रेहानाच्या पडद्यावरची रेघ सरसर वर चढली. शलाकाला वाटलं, आबा वाक्य विसरले. तिनं कागद वर केला.

"ठाव हाय मला," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी मोठ्यानं हाक दिली. "हप!" गोदाम घुमलं. "पन मंजी उडाली न्हाई. मंजी घाबरली. आन् शिडीनं खाली उतरली."

पडद्यावरची रेघ हळूहळू खाली आली.

"काय चढलं होतं हो!" रेहाना टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "आठ भागांत असं एकदाही नाही. आणि तेही कुठं, तर मुलगी उडालीच नाही तिथं! का बरं, शलाकाताई?"

"काय माहीत," शलाका म्हणाली.

संध्याकाळी घरी आबांनी दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केली, आणि मग लिहीत बसलेल्या शलाकाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"धाव्या भागात मंजीचं काय करनार हैस?"

"उडवणार. शेवट आहे ना."

"उडवायलाच पायजे व्हय?"

"मुलांना धीर द्यायचाय, आबा."

"हां." काहीतरी बोलायला तोंड उघडल्यासारखं तिला वाटलं, पण त्यांनी नुसती जांभई दिली. "पंखा बारीक कर जाताना," असं म्हणून ते झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. तोंडावर त्रास झाल्याचं कसलंच चिन्ह नव्हतं. तेराव्यानंतर शलाकानं दहाव्या भागाचे कागद एका पाकिटात घातले आणि ते पाकीट कपाटात ठेवलं.

पुस्तक नऊ भागांवरच थांबलं, पण वाया मात्र गेलं नाही. तीन महिन्यांत रेहानानं ते मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांना ऐकवलं आणि जे घडलं ते बघायला दुसऱ्या गावांहून डॉक्टर येऊ लागले. सहा वर्षांचा एक मुलगा इंजेक्शनच्या खोलीत शिरला आणि बाही स्वतः वर करून म्हणाला, "आबा म्हणतात, आधी श्वास सोडायचा, मग हात." एक मुलगी टाके काढताना थरथरत होती, रडत होती आणि तरी पाय मागे घेत नव्हती. रेहाना रोज फोन करायची. "शलाकाताई, आज अकरा! अकराच्या अकरा!" शलाका आबांच्या खाटेवर बसून ते ऐकायची. त्या महिन्यांत तिला आनंद व्हायचा तो एवढाच, पण तो खरा होता. आबा नव्हते, आणि शेकडो मुलांच्या छातीत आबा होते.

मग एके दिवशी फोन आला नाही. रेहाना स्वतःच आली. चप्पल दारात काढायची विसरून ती थेट आत आली आणि तिनं टेबलावर एक कागद ठेवला.

"मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लावलाय," ती म्हणाली, "आणि तो पुसून टाकायला तुमची सही मागायला आलेय."

"बस आधी. पाणी घे."

रेहाना बसली, पण पाण्याला हात लावला नाही. "आठ भाग ऐकलेली मुलं शहाण्यासारखी आत जातात. नववा ऐकलेल्या दोनशे आठ मुलांपैकी एकतीस मुलांनी 'नाही' म्हटलं. रडून नाही हं. आदळआपट नाही. नाडी स्थिर. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, आज नाही."

"घाबरली असतील."

"तेच म्हणतेय ना मी! घाबरलेली नव्हती. घाबरलेलं मूल मला पडद्यावर दिसतं. ही मुलं ऐकत होती." रेहाना पुढे झुकली. "दुसऱ्याच्या काळजामागून आठ भाग चाललेला कान हळूहळू शिकतो, ताई. आधी यंत्रानं मोठी केलेली नाडी ऐकतो. मग न वाढवलेलीही त्याला ऐकू यायला लागते. म्हणजे साध्या बोलण्यातली. आता नवव्या भागात काय होतं? आबांचं तोंड म्हणतं, मंजी घाबरली. आबांचं काळीज काहीतरी दुसरंच म्हणतं. मुलांना पहिल्यांदाच कळतं, की माणसाचा शब्द आणि माणसाची नाडी वेगळ्या असू शकतात. एकदा ते कळलं, की मग त्यांना ते सगळीकडे ऐकू येतं. नर्सच्या बोलण्यात, आईच्या, माझ्या. 'काही होत नाही रे बाळा,' असं आता त्यांना म्हणताच येत नाही."

शलाकानं कागद ओढून घेतला. रुग्णालयाचं म्हणणं सरळ होतं. नवव्या भागातली स्वरनाडी सपाट करावी, म्हणजे आवाज आबांचाच राहील, पण खालचं काळीज निघून जाईल. आबांच्या शरीराची नोंद असल्यामुळे वारसाची परवानगी हवी होती.

"न करून चालणार नाही का?"

"एक मुलगी आहे. ऊर्मी पाटोळे, आठ वर्षांची. पाठीचा कणा वाकत चाललाय. शुक्रवारी शस्त्रक्रिया आहे. आणखी लांबली तर फुप्फुसावर दाब येईल. ती नाही म्हणतेय. झोपेचं औषध देऊन जबरदस्तीनं न्यायची गोष्ट चाललीय." रेहानानं डोळे पुसले. "ती म्हणते, गोष्ट लिहिणाऱ्या बाईंना बोलवा."

ऊर्मी खाटेवर मांडी घालून बसली होती. एक खांदा दुसऱ्याहून वर होता, त्यामुळे ती सतत काहीतरी विचारतेय असं वाटायचं. आणि ती विचारतही होती.

"तुम्ही लिहिली ना गोष्ट?"

"हो."

"मग नववा भाग खोटा का लिहिलात?"

"ऊर्मी!" कोपऱ्यात बसलेली तिची आई म्हणाली. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"असू दे," शलाका म्हणाली. "खोटा कसा गं?"

"आबा 'हप' म्हणतात ना, तेव्हा त्यांचं इथं लईच पळतं." तिनं आपल्या छातीवर बोट ठेवलं. "मंजी उतरली की मग थांबतं. म्हणजे भीती आबांना होती. मंजीला कुठं होती?"

सदतीस वर्षं शलाकाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"नाही गं. मंजी घाबरलीच होती."

ऊर्मीनं तिच्याकडे पाहिलं. भाजीवालीनं मापात मारल्यावर घरातली जाणती बाई पाहते, तसं. "बघा. तुमचंपण पळतंय."

शलाकानं खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि ती बसली.

"नर्सताई म्हणतात मुंगी चावल्यासारखं होईल. मम्मी म्हणते तू झोपशील आणि उठशील. डॉक्टरसर म्हणतात मी तर रोज करतो. सगळे हसतात आणि सगळ्यांच्या आत धडधड. मला भीतीचं काही नाही, ते आबांनी शिकवलंय. पण कुणीच खरं सांगत नसेल, तर मी कशाला जाऊ?"

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर बघू." तिनं विचार केला. "जाईन. भीत भीत जाईन. पण आधी तुम्ही सांगा. खोटं तुमच्यापासनं सुरू झालंय."

बाहेर व्हरांड्यात रेहाना भिंतीला टेकून उभी होती. आत डॉक्टर येऊन ऊर्मीच्या आईला काही समजावत होते.

"त्या डॉक्टरांच्या छातीत खरंच धडधड असेल?" शलाकानं विचारलं.

"असणारच! कण्याशी काम आहे. धडधडत नसेल, तर मी माझं मूल त्यांच्या हाती देणार नाही." रेहानानं आवाज खाली आणला. "पण ते मुलाला कसं सांगायचं? सांगायची आपल्याला सवयच नाही. घरी माझी दोन पोरं आहेत. 'काही नाही रे' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, माहितीये? पुस्तक राज्यभर गेलं, तर लाखभर मुलं होतील, ज्यांच्यापुढे ते वाक्य कायमचं बंद. शाळेत बंद, घरात बंद. आईबाप भांडून आत गेले आणि हसत बाहेर आले, तरी मुलांना ऐकू येणार. जगता येईल का हो अशा मुलांबरोबर? मला खरंच कळत नाही. सही केलीत तर नवीन मुलांचा प्रश्न सुटतो. आणि या एकतीस जणांचा कान दोन-तीन महिन्यांत बोथट होईल, असा अंदाज आहे."

"ऊर्मीला दोन-तीन महिने नाहीत."

"नाहीत."

शलाकानं कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "आबांची रेघ तिथंच का चढली, ते मला ठाऊक आहे."

रेहाना भिंतीपासून सरळ झाली.

"मी तुला काय माहीत म्हणाले होते. ते खोटं होतं. पण खरं सांगितलं, तर ते आबांच्या नावाला लागेल. ही सगळी पोरं त्यांना आबा म्हणतात, रेहाना. ते गेले तेव्हा गावोगावची सर्कशीची माणसं आली होती. सगळे एकच म्हणत होते, खाडेंच्या हातून कधी कुणी सुटलं नाही. आणि ते खरंच आहे. कधीच कुणी सुटलं नाही." ती थांबली. "का सुटलं नाही, ते मला एकटीला माहीत आहे."

"मग नका सांगू," रेहाना म्हणाली. "सही करा. तुम्हाला कुणी दोष देणार नाही. मी तर नाहीच."

तिच्या बोलण्यात प्रेम होतं. पण रेहानाच्या आतही या क्षणी काय पळत असेल, हे ऊर्मीला आतल्या खोलीतून ऐकू आलं असतं, असं शलाकाच्या मनात आलं. आणि एकाएकी तिला ते सगळं फार स्पष्ट दिसलं. आत एक मुलगी आपल्या वाकड्या पाठीवर ताठ बसली होती आणि तिला जगात एक तरी माणूस असा हवा होता, ज्याचा शब्द आणि ज्याची नाडी बरोबरीनं चालतात. नऊ वर्षांच्या शलाकालाही तेवढंच हवं होतं.

तिनं कागद रेहानाच्या हातात परत दिला, सही न करता.

"जमिनीवर मला ते सांगता येणार नाही," ती म्हणाली. "जमिनीवर मी एकच वाक्य सदतीस वर्षं घोटलंय. ते इतकं गुळगुळीत झालंय, की माझ्या आवाजात आता काही ऐकूच येणार नाही. मला वर नेतेस?"

"तुम्हाला? ताई, तुम्ही सेहेचाळीस वर्षांच्या आहात."

"आबा त्र्याहत्तर वर्षांचे होते."

रेहाना एकदम पळतच सुटली. वळणावरून ओरडली, "दोर बघते! जाळी बघते! डॉक्टरची चिठ्ठी लागेल! परवा सकाळी!"

परवा म्हणजे गुरुवार. सकाळी दहाचं ऊन गोदामाच्या वरच्या झरोक्यांतून आत तिरपं पडलं होतं आणि त्यात साखरेची जुनी धूळ नाचत होती. कमरेला दोर, गळ्याशी माइक आणि कानात इअरफोन लावून शलाका शिडीपाशी आली. दोराची शिडी समोरून चढली की पाय पुढे पळतात आणि माणूस उताणा लोंबकळतो. कडेनं चढायचं, टाच आत घालून. हे तिला कुणी सांगितलं नाही. पायानंच केलं.

"अगंबाई!" खालून रेहाना किंचाळली. "ताई, तुम्ही तर चढताय!"

दहा फूट. पंधरा. तळहात सोलवटले. पंचवीस फुटांवर तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी शिडीचा दोर आवळला. आणि तिला हसू फुटलं. केवढी ही भीती! किती ताजी, किती जिवंत! पुस्तकांच्या कपाटांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर अंगात एवढं काही शिल्लक असेल, असं तिला वाटलं नव्हतं. शेवटच्या पायऱ्या ती जवळजवळ पळतच चढली आणि फळीवर उभी राहिली. समोर झुल्याची दांडी होती, तिच्या पलीकडे कॅचरचा दुसरा झुला, रिकामा, वाऱ्यानं किंचित हलणारा.

"ऊर्मी रुग्णालयातून फोनवर जोडलेली आहे," कानात रेहानाचा आवाज आला. तोही कापत होता. "स्टुलावर उभी असल्यासारखं वाटतंय मला. तुमची रेघ पडद्याबाहेर चाललीय. सांभाळून."

"बाई," दुसरा आवाज आला. "मी ऐकतेय."

शलाकानं दोर घट्ट धरला, श्वास सोडला.

"ऊर्मी, मंजी घाबरली नव्हती."

समाधानाचा एक छोटासा हुंकार आला. "हां. आता बरोबर. पुढे?"

"मंजी म्हणजे मी. उस्ताद म्हणजे माझे आबा. माझ्या पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळी मी तंबूमागं गेले, तर आबा आंघोळीला पाणी घेत होते. त्यांनी उजव्या हातानं बादली उचलली आणि ती सुटली. रिकामी बादली, ऊर्मी. परत उचलली, परत सुटली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मनगटाला पट्टी गुंडाळली आणि पट्टी दिसू नये म्हणून वरून खडूची पूड चोळली. मी कनातीआड होते. मी काही विचारलं नाही. आमच्या सर्कशीत कॅचरला हाताचं कधी विचारत नाहीत. विचारलं की हात जातो, असं मानतात. आणि हात गेलेल्या कॅचरला दुसऱ्या दिवशी सामान बांधावं लागतं."

"मग?"

"संध्याकाळी तंबू भरला. बाहेर पाटी लागली होती, बाप आणि लेक. मी फळीवर उभी राहिले. आबा समोर झोके घेत होते आणि माझ्याकडे बघत होते. खाली जाळी होती. कदाचित मला काही झालंही नसतं. बँड थांबला. आबांनी हाक दिली."

रिकामा झुला तिच्या दिशेनं आला, परत गेला. आता ती ऊर्मीशी बोलत नव्हती. तिचा आवाज फुटत होता आणि तिनं तो फुटू दिला.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं. तुमचा हात मला झेलणार नव्हता आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तरी तुम्ही हाक दिलीत. तुमचा हात पुढं बरा झाला, पण मला सगळ्यांनी भित्री म्हटलं. तुम्ही म्हणू दिलंत, आणि मीही बोलले नाही. मी तसंच पुस्तकात लिहिलं आणि तुमच्याकडून ते म्हणवून घेतलं. मी भिऊन नाही उतरले, आबा. तुमच्या हातून मी सुटले, हे लोकांनी बघू नये, म्हणून उतरले."